मागची रेघ

सोमवार, ४ ऑगस्ट

आजची गोष्ट घरात कोणाला सांगावीशी वाटत नाही, म्हणून इथे लिहिते.

मधल्या सुट्टीत एक आई मला भेटायला आली. तिची मुलगी सहावीत आहे. एका पायात जोर कमी, गुडघ्यापर्यंत आधाराचा बूट घालते. माझ्या खेळाच्या तासाला मी तिला गुण मांडायला बसवते. शिट्टी तिच्याकडे, घड्याळ तिच्याकडे. लाडाने मी तिला ‘सेक्रेटरी’ म्हणू लागले आणि आता अख्खी शाळा तिला त्याच नावाने हाक मारते. मला वाटायचं, केवढा मान दिलाय आपण पोरीला.

आई उभ्या उभ्याच बोलली. आवाज जराही चढवला नाही. "मॅडम, बाकीच्या आया खेळाच्या गणवेशाच्या डागांची तक्रार करतात. मी वर्षभर माझ्या मुलीचा गणवेश धुतेय आणि तो मळलेलाच नसतो. घडीसुद्धा मोडत नाही त्याची."

मी म्हणाले, "तिला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"होऊ दे की थोडा त्रास," ती म्हणाली, आणि कामावर जायला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

डबा तसाच परत आणला. खरं म्हणजे भिंतीशी बसणारी ती एकटी नाहीच. ‘बाद झालास, बस भिंतीशी’ हे वाक्य मी तासाला किती वेळा म्हणत असेन कोण जाणे. आणि बाद कोण होतं? जो हळू आहे, जो जाडा आहे, ज्याला चेंडूची भीती वाटते. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज तो पहिल्या फटक्यात भिंतीशी, आणि ज्याला काही गरज नाही तो तास संपेपर्यंत मैदानात. व्यायाम शिकवण्याचा पगार घेते आणि अर्ध्या वर्गाला मातीत रेघोट्या मारत बसवते. लाज वाटली. कोणी बघत नसताना वाटते ती जास्त खरी असते बहुतेक.

गुरुवार, ७ ऑगस्ट

‘बाद’ शब्द आजपासून बंद. वर्गाला तसं सांगितलं तर एकाने विचारलं, "मग मॅडम, खेळ संपणार कसा?" मी म्हटलं, "घंटा झाली की."

आता ज्याला चेंडू लागेल त्याने कडेला जायचं, टोपलीत पाच चेंडू टाकायचे आणि खेळात परत यायचं. बसायचं कोणी नाही. चेंडूही बदलला. जुना कडक चेंडू कपाटात टाकला आणि कापडाचा मऊ काढला. घाबरणारे निम्मे तिथेच सुधारले.

सेक्रेटरीकडून शिट्टी मागून घेतली तर तिचं तोंड एवढंसं झालं. "मग मी काय करू?" म्हणाली. म्हटलं, खेळ. ती टोपलीपाशी गेली आणि एकामागून एक चेंडू असे टाकले की मुलं बघत राहिली. उठताबसताना सगळा भार हातांवर घेते, म्हणून हात दणकट झालेत. आणि त्या हातांत मी वर्षभर पेन्सिल दिली होती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

चेंडूचं जमलं, पळण्याचं घोडं अडलंय. आणि ते अडवणारी माझ्याच घरची आहे.

माझी मुलगी याच वर्गात आहे. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण चालायला शिकली तीच पळत. शाळेत मी तिची मॅडम, घरी आई. हा नियम मीच घातला आणि तिने एकदाही मोडला नाही. शहरातल्या धावण्याच्या प्रशिक्षण केंद्राची निवड या सप्टेंबरच्या शेवटी आहे. ते बारा वर्षांच्या आतलीच मुलं घेतात, म्हणजे तिला ही एवढी एकच संधी. दुसरीत असल्यापासून तिला तिथे जायचंय. कपाटाच्या दाराला आतून तिने केंद्राच्या मैदानाचा फोटो चिकटवलाय.

पण वर्गात तिच्या पळण्याने माझी पंचाईत होते. शर्यत लावली की बाकीचे अर्ध्यावर पोचेपर्यंत ही परत येऊन पाणी पीत असते. आज एक मुलगा मधेच थांबला आणि चालायला लागला. विचारलं तर म्हणाला, "ती आहे ना मॅडम. मग आम्ही कशाला उगाच?" त्याचं काही चुकलं नाही. वर मनात येतं, सगळ्यांना वाटत असणार की मॅडम आपल्या पोरीला मिरवायलाच शर्यती लावतात.

यावर एक तोड सुचली आहे. मैदानावर फक्कीने एकामागे एक रेघा आखायच्या. मधल्या रिंगणातून वाळूची एक छोटी पिशवी उचलून आपल्या रेघेवर परत यायचं. जो पहिला येईल तो पुढच्या वेळी एक रेघ मागून सुरू करणार, जो शेवटी तो एक रेघ पुढून. कोण कुठल्या रेघेवर, ते दुसऱ्या दिवशीही तसंच चालू ठेवायचं. म्हणजे हळूहळू सगळे एकाच वेळी पोचायला लागतील. मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, कल्पना फार आवडली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

नियम लागू पडला. जाडा मुलगा आज दुसरा आला आणि दिवसभर छाती काढून हिंडला. चालणारं कोणी उरलं नाही.

भिंगरी अपेक्षेप्रमाणे एकेक रेघ मागे जात शेवटच्या रेघेवर, पार पाण्याच्या टाकीपाशी पोचली आहे. तिथे ती एकटीच. बाकीचा घोळका पुढे. तिने हात वर केला, "मॅडम, मी इथे किती दिवस?" मी म्हटलं, "हरेपर्यंत." सगळे हसले, तीही हसली. खेळकर आहे पोरगी.

घरी तिला जरा समजावलं. जिंकल्यावर हात उंच करून ओरडायची सवय सोड म्हटलं. आपल्यामुळे दुसऱ्याला कमीपणा वाटता कामा नये. ती म्हणाली, "बरं."

सोमवार, २५ ऑगस्ट

आज सेक्रेटरी पहिली आली.

सगळ्यात पुढच्या रेघेवरून सुरू केलं होतं, ते कबूल. पण पहिली म्हणजे पहिली. बुटाचा ठकठक आवाज करत आली, पिशवी माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "मॅडम, आता माझा नंबर लिहा कुणीतरी." माझे डोळे भरून आले. मी तिच्यावर केलेला अन्याय थोडा तरी फिटला असं वाटलं. तिच्या आईला चिठ्ठी पाठवावी असं मनात आलं, पण आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं होईल म्हणून राहू दिलं.

संध्याकाळी हे दुकानातून आले. यांचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का’ विचारत असतात. मला म्हणाले, "भिंगरी हल्ली शाळेतून चालत घरी येते. दुकानावरून जाताना बघतो मी. आधी पळत जायची, हाक मारेपर्यंत पुढे निघून गेलेली असायची."

"बरं झालं," मी म्हटलं, "बूट तरी वर्षभर टिकतील."

हे हातपाय धुवायला गेले.

मंगळवार, २ सप्टेंबर

भिंगरी आता मधल्या रेघेवर आली आहे, तिच्या दोन मैत्रिणींच्या शेजारी. याचा अर्थ बाकीच्यांनी वेग पकडला. रोज पळून पळून मुलं किती सुधारतात हे मोठ्या सरांना दाखवायला हवं. तिचीही कुरकुर थांबली. टाकीपाशी उभी असायची तेव्हा चेहरा जरा उतरलेला असायचा, आता मजेत असते, सुरू होईपर्यंत तिघींच्या गप्पा चालतात.

सेक्रेटरी तासानंतर रेंगाळली. "मॅडम, भिंगरी शेवटी शेवटी ना..." असं काहीतरी सुरू केलं तिने. मी म्हटलं, दुसऱ्यांकडे बघणं पुरे झालं, आता तू सेक्रेटरी नाहीस, तुझं तू बघ. जरा तोडूनच बोलले. वर्षभर हिला दुसऱ्यांवर नजर ठेवायला मीच बसवलं, त्यामुळे सवय जायला वेळ लागेल.

निवडीसाठी मी सकाळी घेते त्या सरावाला भिंगरी दोनदा आली नाही. पाय दुखतात म्हणते. वाढीचं वय आहे. तेल लावून दिलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज मोठ्या सरांनी आसपासच्या शाळांतले खेळाचे शिक्षक बोलावले होते. आमचा वर्ग बघायला.

पण मुलांनी नाव काढलं. अडतीसच्या अडतीस मुलं मैदानात, कोणी बसलेलं नाही, कोणी रडलेलं नाही. शेवटी रेघांची शर्यत लावली. शिट्टी झाली, सगळे धावले आणि वळून आपापल्या रेघांवर जवळजवळ एकदमच येऊन टेकले. मधोमध भिंगरी, दोन्हीकडे मैत्रिणी. शेवटची दोन पावलं तर तिने इकडेतिकडे बघत बघत टाकली, जणू हातात हात घालून आल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक शिक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ती मधली मुलगी तुमची ना? केवढी समजूतदार आहे."

इतकी वर्षं शिकवतेय, पण आपल्या हातून काही चांगलं झालं असं पहिल्यांदाच वाटलं. ऑगस्टमधल्या त्या आईने समोर येऊन उभं राहावं, मी तिच्या डोळ्यांत बघू शकेन आता.

शनिवार, २७ सप्टेंबर

लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

केंद्राची निवड होती. अंतिम धावेतल्या पहिल्या दोघी घेणार होते. भिंगरी सुरुवातीपासून पुढे होती. वळणावर तर इतकी पुढे की मी कठड्याला घट्ट धरलं. आणि मग शेवटच्या टप्प्यात तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि वेग कमी केला. पडली नाही, अडखळली नाही, दमलीही नव्हती. शिस्तीत, ठरवल्यासारखा कमी केला. दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या. ती तिसरी.

रेघ ओलांडल्यावर ती त्या दोघींकडे बघून हसली. मग तिच्या लक्षात आलं. ते लक्षात येताना मी तिचा चेहरा बघितला आहे.

निवड करणाऱ्या बाई, स्वतः धावपटू होत्या म्हणतात, माझ्याकडे आल्या. "पळते सुरेख," म्हणाल्या, "पण शेवटी सोडून देते. हे आपोआप येत नाही. कोणी शिकवलंय हिला असं?"

मला त्याच क्षणी सगळं दिसलं. टाकीपाशी वर केलेला हात, मी दिलेलं उत्तर, मधली रेघ. आणि तरीही मी म्हणाले, "ऐन वेळी घाबरते हो ती. लहानपणापासूनच तशी आहे."

बाईंनी मान हलवली. मी वळले तर भिंगरी मागेच उभी, हातात बूट.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही रागावलात?" आजूबाजूला शाळेतलं कोणी नव्हतं.

रविवार, २८ सप्टेंबर

ती जेवली नाही. यांनी विचारलं तर म्हणाली, "घाबरट आहे मी, म्हणून हरले." हे माझ्याकडे बघू लागले. माझी पोरगी घाबरट नाही. कुत्रा अंगावर आला तर मला मागे ओढून पुढे उभी राहणारी आहे. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं आणि मी पाटावरच्या भाजीच्या साली गोळा करत बसले.

घाबरट कोण आहे ते मला ठाऊक आहे. बाहेरच्या बाईंसमोर आपल्या नियमाची अब्रू जाईल म्हणून मी पोटच्या पोरीवर खोटं ढकललं. आणि ते तिने खरं मानलं, कारण मॅडम बोलल्या होत्या.

सोमवार, २९ सप्टेंबर

शाळेत जायच्या आधी तिच्याजवळ पलंगावर जाऊन बसले. म्हटलं, मला राग आलेला नाही, नुसतं सांग.

"मागच्या रेघेवर कोणीच नसतं गं," ती म्हणाली. "टाकीतून पाणी टपकत असतं तेवढंच. सगळे पुढे बोलत असतात, हसत असतात, मला ऐकू येत नाही. मग मी मुद्दाम मागे राहायला लागले, शेवटी आले की एक रेघ पुढे. त्यांच्यात पोचले की तिसरी-चौथी यायचं, म्हणजे परत मागे जावं लागत नाही."

"मग काल... परवा का थांबलीस? तिथे रेघा नव्हत्या."

"मी नाही थांबले. पायच थांबतात आता. शेवट आला की ते आपोआप बघतात, बाकीच्या कुठे आहेत."

भिंतीशी एक मुलगी बसवली होती म्हणून मला झोप लागत नव्हती. तिला उठवलं आणि टाकीपाशी दुसरी उभी केली. तीही माझीच. आणि त्यावर टाळ्या घेतल्या.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काल पाणी ओतून रेघा पुसून टाकल्या. मुलांनी विचारलं, का? मी सांगितलं, "नियम चुकला. माझा चुकला." एवढंच बोलता आलं.

आजचा खेळ असा. एकाने पूर्ण मैदानाला फेरी मारायची. तोवर बाकीच्यांनी रांगेत डोक्यावरून चेंडू मागे मागे द्यायचा आणि शेवटच्याने तो टोपलीत टाकायचा. आधी काय होतं, फेरी की टोपली? कोणी बसत नाही, आणि पळणाऱ्याने जीव तोडून पळावं लागतं, कारण समोर एक जण नसतो, अख्खी रांग असते.

भिंगरीची पाळी आली. रांगेच्या टोकाला सेक्रेटरी. भिंगरी वाऱ्यासारखी सुटली, आणि शेवटी पुन्हा तेच, मान वळली, पाय मंदावले. चेंडू सेक्रेटरीच्या हातात पोचला होता. तिने तो टाकलाच नाही. छातीशी धरून उभी राहिली. भिंगरीही फेरी संपायच्या दोन पावलं अलीकडे उभी. दोघी एकमेकींची वाट बघतायत आणि अख्खा वर्ग ओरडतोय.

"टाक ना," भिंगरी म्हणाली.

"तू आधी नीट पळ. तुझं पळणं मला पाठ आहे, वर्षभर मोजलंय. हे ते नव्हे." मग जरा थांबून तिने विचारलं, "मी पहिली आले होते तेव्हाही अशीच थांबली होतीस का?"

भिंगरीने मान खाली घातली. सेक्रेटरीचे ओठ थरथरले. मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. एका नियमात मी दोघींचं हिरावलं होतं, एकीचं जिंकणं आणि दुसरीचंही जिंकणंच.

"परत," सेक्रेटरी म्हणाली. "सगळं पहिल्यापासून. आणि मला सांभाळून घेतलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या वेळी भिंगरी पळाली. मान वळली नाही असं म्हणणार नाही, किंचित वळली, पण पाय थांबले नाहीत. सेक्रेटरीचा चेंडू टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडला. ती चिडून लालबुंद झाली, चेंडूला लाथ मारायला गेली आणि मातीत बसकण मारली. मी धावले तर मला म्हणाली, "मला उठवू नका, मी उठते." मग भिंगरीला म्हणाली, "उद्या बघ." दोघी घंटा होईपर्यंत भांडत होत्या. मी मधे पडले नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भिंगरीला घेऊन केंद्रावर गेले. यांना सांगून गेले, सगळं सांगून. हे एवढंच म्हणाले, "जा. पण जागा मिळेल म्हणून जात असशील तर नको जाऊस."

बाई मैदानाच्या कडेला मुलींना सराव देत होत्या. मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती घाबरत नाही, कधीच घाबरत नव्हती. वेग कमी करायला तिला मी शिकवलं. माझ्या वर्गात, माझ्या नियमाने. तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं होतं, तरी मी दोष तिच्यावर ढकलला."

बोलताना आवाज नको तिथे फुटला. पळणाऱ्या दोन मुली वळून बघायला लागल्या.

बाईंनी ऐकून घेतलं. "यादी गेली आहे," त्या म्हणाल्या. "ती बदलत नाही. बदलायलाही नको, त्या दोघी पळूनच आल्यात." मी म्हटलं, "त्यासाठी आले नाही." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. "पळत राहा," म्हणाल्या. "कुठेही पळ." आणि सरावाकडे वळल्या.

बाहेर पडताना वाटलं, छातीवरचं ओझं उतरलं. उतरलं असं वाटलं याचीही आता लाज वाटते.

फाटकाशी भिंगरी थांबली. "आई, हे तू त्याच दिवशी बोलायला हवं होतंस. तिथे. सगळे होते तेव्हा."

"हो," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी अजून काही म्हणेन असं तिला वाटत होतं का, मला माहीत नाही. मग ती निघाली, आधी चालत, मग भरभर, मग पळतच. बस यायला भरपूर वेळ होता. रस्ता सरळ होता आणि ती लहान लहान होत गेली. हाक मारली असती तर थांबली असती. मी हाक मारली नाही.